श्वास आत घेताना येणारा आवाज

सर्दी-खोकल्याचे दोन-तीन दिवस झालेले असतात. मूल सावरतंय असं वाटत असतानाच एकाएकी ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर जातो, आवाज बसतो, खोकला कुत्रं भुंकल्यासारखा येतो आणि चेहरा मलूल होतो. अशा वेळी बॅक्टेरियल ट्रॅकिआयटिसची, म्हणजे श्वासनलिकेत जिवाणूंनी पू धरल्याची शंका घ्यायलाच हवी. आजार दुर्मीळ आहे, पण काही तासांत श्वास कोंडू शकतो. विषाणूंनी आतलं अस्तर सोललेलं असतं, त्यावर बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू वाढतो.

तपासणी आईच्या मांडीवरच सुरू करावी. मुलाचा सदरा वर करून आधी नुसतं पाहायचं आणि ऐकायचं. श्वास आत घेताना येणारा घरघरता, कर्कश आवाज म्हणजे स्ट्रायडॉर. तो स्टेथोस्कोपशिवायही ऐकू येतो. (दम्याची शिट्टी बहुधा श्वास सोडताना वाजते.) आत घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा आवाज येत असेल तर अडथळा मोठा आहे. प्रत्येक श्वासाला गळ्याखालच्या खोबणीत आणि बरगड्यांखाली खड्डा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, तेही पाहायचं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त म्हणजे धाप.

एवढा जोर का लागतो? तान्ह्या बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास सुमारे ४ मिलिमीटर. आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली की उरतो २. वाटेचं क्षेत्रफळ पावपट होतं आणि हवेला होणारा अडथळा निदान १६ पट वाढतो.

क्रूपमध्येही, म्हणजे विषाणूंमुळे स्वरयंत्राजवळ सूज आली तरी, असाच खोकला येतो, पण ताप सहसा कमी असतो, मूल टवटवीत असतं आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व अ‍ॅड्रेनालिनच्या वाफेने आराम पडतो. ट्रॅकिआयटिसमध्ये फारसा पडत नाही, कारण अ‍ॅड्रेनालिनने सूज ओसरते, चिकटलेला पू निघत नाही. एपिग्लॉटायटिसमध्ये, म्हणजे श्वासमार्गाच्या तोंडावरचं झाकण सुजलं की, मूल पुढे वाकून बसतं, लाळ गळते. ट्रॅकिआयटिसचं मूल बहुधा आडवं झोपू शकतं, लाळही गिळतं. तरी फरक पाहायला म्हणून चमच्याने जीभ दाबून घसा बघू नये. मूल घाबरून रडलं तर उरलीसुरली वाटही बंद होऊ शकते.

सर्वांत फसवं लक्षण म्हणजे घरघर कमी होणं. मूल दमलं की हवा कमी आत जाते, म्हणून आवाजही कमी येतो. घरच्यांना वाटतं, उतार पडला. त्याच वेळी ते गळून गेलं असेल, झोपाळलं असेल, ओठ राखाडी दिसत असतील तर मिनिटं मोलाची आहेत. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा फार उशिरा घसरतो, त्यावर विसंबू नये. १०८ला फोन करावा, मूल ज्या स्थितीत स्वस्थ आहे तसंच धरून न्यावं.

खात्री होते ती ऑपरेशन थिएटरमध्ये, दुर्बिणीतून. भूलतज्ज्ञ शेजारी असताना श्वासनलिकेतले पुवाचे पापुद्रे ओढून काढतात, शिरेतून प्रतिजैविकं सुरू करतात. बऱ्याच मुलांना काही दिवस श्वासाची नळी लागते. ती पुवाने तुंबू शकते, म्हणून वारंवार सक्शन करत, म्हणजे पू यंत्राने शोषून काढत राहावं लागतं.