साडेदहाची धास्ती, अकराचा पेपर

घरी तोंडपाठ असलेली व्याख्या प्रश्नपत्रिका हातात पडताच गायब होते आणि पेपर टाकून रिक्षात बसलं की शब्दन्‌शब्द आठवते. म्हणजे ती डोक्यात होतीच. ऐन वेळी हाताला लागली नाही.

भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन काही सेकंदांत रक्तात उतरतं. छाती धडधडते, तळहात घामेजतात. एवढ्याने काही बिघडत नाही. थोडी धडधड उलट लक्ष जागं ठेवते. घोळ घालतं ते कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, आणि ते सावकाश चढतं. मेंदूचा निरोप आधी पिट्युटरी ग्रंथीला, तिथून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना जातो. त्यामुळे पातळी शिगेला पोहोचायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. आठवणी बाहेर काढण्याचं काम मेंदूच्या ज्या भागाकडे, हिप्पोकॅम्पसकडे, आहे, त्यावर या संप्रेरकाचा विशेष परिणाम होतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना नुसती २५ मिलिग्रॅम कॉर्टिझोनची गोळी (शरीरात तिचं कॉर्टिसॉल होतं) दिली, तर तासाभराने त्यांना आदल्या दिवशी शिकलेले शब्द कमी आठवले. ना परीक्षा, ना पर्यवेक्षक!

आता दहावीचं वेळापत्रक बघा. साडेदहाला हजर, अकराला पेपर. फाटकाशी कुणीतरी विचारतं, "फ्लेमिंगचा नियम केलास ना? नक्की येणार म्हणे." त्या धसक्याचं कॉर्टिसॉल बरोबर पेपर वाटताना माथ्यावर असतं. शेवटच्या अर्ध्या तासात मित्रांचा घोळका टाळावा, तो यासाठी.

खरा उपाय मात्र महिनाभर आधीचा आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात १२० विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. निम्म्यांनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली, उरलेल्यांनी न बघता आठवून काढली. दुसऱ्या दिवशी काहींना लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून घाबरवलं. नुसतं पाहणाऱ्यांची आठवण ताणाखाली ढासळली, आठवून काढणाऱ्यांची टिकली.

घरी हे असं करा: धडा वाचून पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते लिहा, आकृतीसकट. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग चार-पाच दिवसांनी. इथे बहुतेकांचं चुकतं ते एकच: अडलं की लगेच पुस्तक उघडतात. अडून बसलेलं ते मिनिट हाच खरा व्यायाम. हायलायटरने रंगवलेलं पान पाचव्यांदा वाचताना ओळखीचं वाटतं, आणि ओळख म्हणजेच पाठ असा समज होतो.

हॉलमध्ये अडलात तर तेवढी जागा सोडून पुढच्या प्रश्नाला लागा. एका वेळी मनात तीन-चारच गोष्टी मावतात, त्यातली एक जागा काळजीने अडवली की गणित तिथेच चुकतं. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा केलं की धडधड उतरते. राहिला फ्लेमिंगचा बोटांनी दिशा शोधायचा नियम: मोटारला डावा हात, जनित्राला उजवा. बाकाखाली तीन बोटं वळवून बघायला कुणाची हरकत नसते.