नेपोलियनला हरवलं ते बर्फानं?

रशियाच्या थंडीनं नेपोलियनचं सैन्य गारठवून संपवलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. तारखा मात्र वेगळंच सांगतात. सैन्यानं रशियाच्या सरहद्दीवरची नीमन नदी ओलांडली जून १८१२ मध्ये, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याच्या १८६९ च्या प्रसिद्ध आलेखात तिथे ४,२२,००० माणसं दिसतात. सप्टेंबरात मॉस्कोला पोहोचताना उरतात १,००,०००. बर्फ पडायला अजून बराच अवकाश होता! काही तुकड्या वाटेत ठाण्यांवर ठेवल्या होत्या, मॉस्कोच्या वाटेवरची बोरोदिनोची लढाईही रक्तरंजित झाली. पण हगवण, उवांतून पसरणारा टायफस, उपासमार आणि पळून जाणं यांनी सैन्य आधीच पोखरलं होतं. हिरव्या चाऱ्यानं पोट फुगून घोडे मेले, रसद मागे राहिली.

परतीच्या वाटेवर थंडीनं हजारो मेले, हे खरंच. गंमत म्हणजे नोव्हेंबरअखेर बेरेझिना नदीपाशी उलटंच घडलं: थंडी ओसरल्यानं नदीवरचा बर्फ वितळला होता. नदी गोठलेली असती तर चालत जाता आलं असतं. त्याऐवजी फ्रेंच जनरल एब्लेच्या माणसांना छातीभर गार पाण्यात उभं राहून पूल बांधावे लागले. त्यातले फार थोडे वाचले.