स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे असते. त्यातली लहान गाठ पोट चाचपून हाताला लागत नाही आणि सोनोग्राफीत आतड्यांतला वायू आड येतो. म्हणूनच निदान होते तेव्हा शस्त्रक्रियेने गाठ काढता येईल असे रुग्ण शंभरात जेमतेम १५ ते २० असतात.

बहुतेक गाठी स्वादुपिंडाच्या शीर्षात होतात. तिथून जाणारी पित्तनलिका दाबली जाते आणि कावीळ होते: डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग मातकट, अंगाला खाज, पोट मात्र अनेकदा दुखत नाही. अशा रुग्णाच्या उजव्या बरगडीखाली फुगलेले, न दुखणारे पित्ताशय हाताला लागले, तर कारण खडे नसून गाठ असण्याची शक्यता जास्त, हे स्विस शल्यविशारद कूर्व्हाझिए यांनी १८९० मध्येच नोंदवले. खड्यांनी जुने झालेले पित्ताशय आकसते, फुगत नाही. आपल्याकडे कावीळ म्हटली की गावठी औषध आणि पथ्यपाणी सुरू होते, आणि नेमके मोलाचे आठवडे त्यात जातात. उतारवयातल्या न दुखणाऱ्या काविळीला सोनोग्राफी लगेच हवी.

शेपटाकडच्या गाठीत कावीळ सहसा होत नाही. पाठीत जाणारे, पुढे वाकल्यावर कमी होणारे दुखणे, घटणारे वजन, पन्नाशीनंतर अचानक निघालेला मधुमेह एवढ्याच खुणा मिळतात.

मुख्य तपासणी सीटी स्कॅनची, आणि त्यात वेळ साधावी लागते. शिरेतून काँट्रास्ट (चित्रात रक्त उजळ दाखवणारे औषध) सोडल्यावर सुमारे ४० ते ४५ सेकंदांनी निरोगी स्वादुपिंड उजळते. तंतुमय, कमी रक्त मिळणारी गाठ काळपट राहते. सुमारे ७० सेकंदांनी घेतलेल्या चित्रांत यकृत आणि शिरा नीट दिसतात. गाठीने मोठ्या रक्तवाहिन्यांना किती वेढले आहे, त्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय ठरतो. पित्तनलिकेत स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी नळी) घालायचा असेल तर सीटी आधी करावा. नंतर चित्र गढूळ होते.

रक्तातला सीए १९-९ हा पदार्थ मोजणारी चाचणी एकटी निदान करू शकत नाही. तिची नेहमीची मर्यादा दर मिलिलिटरला ३७ युनिट. पण साध्या खड्यांच्या काविळीतही ती वाढते, आणि काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नाही. उपचारांचा परिणाम पाहायला ती उपयोगी.

गाठीचा तुकडा तपासायला घेण्यासाठी (बायोप्सी) एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड करतात. टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र असलेली दुर्बीण तोंडावाटे जठरात व लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात आणि भिंतीतून गाठीत बारीक सुई घालतात. चित्र स्पष्ट असून गाठ काढण्याजोगी असेल, तर बायोप्सीविना थेट शस्त्रक्रिया करता येते. केमोथेरपी आधी द्यायची असेल, तर मात्र तुकड्याचा अहवाल हवाच. तुकड्यात काही सापडले नाही म्हणून कर्करोग नाही, असेही नव्हे. संशय दाट असेल तर सुई पुन्हा घालतात. ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे स्वादुपिंडाला येणारी सूज) आणि आपल्या देशात क्षयरोगही स्कॅनवर हुबेहूब अशीच गाठ दाखवू शकतात, आणि ते दोन्ही औषधांनी बरे होण्यासारखे असतात.