नोड चालवणे

आपल्या मालकीचा संगणक, हार्डडिस्क, ग्राफिक्स कार्ड किंवा रेडिओ उपकरण एखाद्या विकेंद्रित नेटवर्कला जोडून अहोरात्र चालू ठेवणे आणि त्याबद्दल मोबदला मिळवणे, या व्यवहाराला नोड चालवणे म्हणतात. जोडलेले यंत्र म्हणजे ‘नोड’ आणि ते सांभाळणारा माणूस म्हणजे ‘होस्ट’, ‘प्रोव्हायडर’ किंवा यजमान. असे नेटवर्क एका कंपनीच्या सर्व्हरवर उभे नसते. एकमेकांना न ओळखणाऱ्या हजारो लोकांची यंत्रे मिळून ते बनते. काम वाटणे, ते झाले की नाही ते तपासणे आणि पैसे चुकते करणे, हे बहुधा ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या सामायिक नोंदवहीत, नोंदवलेल्या नियमांनुसार होते. 2022 च्या अखेरीपासून अशा नेटवर्कना एकत्रितपणे ‘डीपिन’ हे नाव पडले आहे. भौतिक पायाभूत सुविधांचे विकेंद्रित जाळे, असा त्याचा अर्थ.

रिकामी खोली भाड्याने द्यावी तसा हा प्रकार आहे, असे जाहिरातींत सांगितले जाते. ही उपमा अर्धीच लागू पडते. खोलीचा भाडेकरू समोर दिसतो आणि भाडे कोणाच्या खिशातून येते तेही कळते. नोडच्या बाबतीत पैसा नेमका कोण देतो, हे शोधून काढावे लागते. हा शोध न घेता यंत्र विकत घेणाऱ्यांचेच या व्यवहारात सर्वाधिक नुकसान झाले आहे.

इतिहास : लोकांच्या घरातले संगणक एका कामाला जुंपण्याची कल्पना मोबदल्याच्या आधीची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने 17 मे 1999 रोजी ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू केला. अरेसिबो येथील रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या नोंदींचे बारीक तुकडे स्वयंसेवकांच्या संगणकांवर पाठवले जात आणि संगणक रिकामा असला की स्क्रीनसेव्हरच्या आडून त्यांचे विश्लेषण होई. परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा संदेश त्यात सापडतो का, हे पाहायचे होते. 31 मार्च 2020 रोजी नवे काम वाटणे थांबेपर्यंत लाखो लोकांनी त्यात भाग घेतला. त्यांना पैसे मिळत नसत. मिळत ते फक्त गुण आणि यादीतले स्थान. तरीही त्या गुणांसाठी खोटे निकाल पाठवणारे निघालेच, म्हणून तोच तुकडा दोन वेगवेगळ्या संगणकांना देऊन उत्तरे जुळवून पाहण्याची पद्धत रूढ झाली. पुढच्या प्रत्येक नेटवर्कला ही अडचण वारशाने मिळाली आहे.

यंत्र चालवण्याबद्दल थेट मोबदला देणारे पहिले मोठे नेटवर्क बिटकॉइनचे. 3 जानेवारी 2009 रोजी त्याचा पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, तयार झाला. तेव्हा दर ब्लॉकमागे 50 बिटकॉइन मिळत. दर 2,10,000 ब्लॉकनंतर ही रक्कम निम्मी होते, आणि एप्रिल 2024 पासून ती 3.125 आहे. गणित सोडवून नवा ब्लॉक जोडण्याच्या या कामाला मायनिंग म्हणतात. सुरुवातीला साध्या संगणकावर होणारे हे मायनिंग आधी ग्राफिक्स कार्डांकडे आणि 2013 पासून त्याच कामासाठी घडवलेल्या चिपकडे गेले. घरगुती यजमान जवळजवळ बाहेर फेकला गेला. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मायनिंगमध्ये यंत्र जे गणित करते, ते नेटवर्कच्या सुरक्षिततेपलीकडे कोणाच्याही उपयोगाचे नसते. साठवण, ग्राफिक्स किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेसारखे बाहेरच्या ग्राहकाला हवे असलेले काम विकावे, या विचारातून पुढची नेटवर्क आली. साठवणुकीसाठी सिया (2015), भाड्याच्या गणनशक्तीसाठी गोलेम (2018), वस्तूंना जोडणाऱ्या रेडिओ जाळ्यासाठी हीलियम (2019), साठवणुकीसाठीच फाइलकॉइन (ऑक्टोबर 2020) आणि क्लाउड सर्व्हरसाठी आकाश (2020) ही त्यांतली ठळक नावे. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनने ग्राफिक्स कार्डांवर चालणारी मायनिंगची पद्धत सोडली आणि असंख्य ग्राफिक्स कार्डे एका दिवसात बेकार झाली. त्यांतली काही रेंडरिंग (संगणकावर चित्रे आणि दृश्ये तयार करणे) आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नेटवर्कांकडे वळली.

पुरावा : अनोळखी यजमान सांगतो, ‘तुमची फाइल माझ्याकडे सुरक्षित आहे’. त्यावर विश्वास ठेवायचा कसा? फाइलकॉइनमध्ये यजमानाची जागा 32 किंवा 64 गिबीबाइटच्या (गिगाबाइटहून किंचित मोठे माप) ‘सेक्टर’मध्ये विभागलेली असते. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे 48 भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक सेक्टरला दर 24 तासांत आपल्या ठरलेल्या अर्ध्या तासात, माहिती अजून डिस्कवर आहे याचा गणिती पुरावा द्यावा लागतो. ती वेळ चुकली, मग वीज गेलेली असो की इंटरनेट, तो सेक्टर सदोष ठरतो. बिघाड लवकर दुरुस्त झाला नाही तर यजमानाने आधी ठेवलेल्या तारणातून दंड कापला जातो. म्हणजे यजमान जागा विकत असतो तितकाच वक्तशीरपणाही विकत असतो.

स्टोर्ज या नेटवर्कने वेगळी वाट घेतली. तिथे फाइलचा प्रत्येक खंड कूटबद्ध करून 80 तुकड्यांत फोडला जाई आणि त्यांपैकी कोणतेही 29 तुकडे हाती आले की मूळ खंड पुन्हा जुळवता येई. त्यामुळे पन्नास यजमान एकाच वेळी गायब झाले तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही. मात्र ते पन्नास नोड एकाच घरातले असतील तर सगळा हिशेब कोसळतो. एकाच माणसाने अनेक तोंडवळे धारण करून नेटवर्कला फसवण्याच्या या प्रकाराला 2002 पासून ‘सिबिल हल्ला’ म्हणतात. म्हणूनच स्टोर्ज शेजारशेजारच्या इंटरनेट पत्त्यांवरचे सगळे नोड मिळून एकच धरून नवी माहिती वाटते. एका राउटरमागे दहा नोड लावल्याने येणारी माहिती दहापट होत नाही, फक्त दहांत वाटली जाते.

गणनशक्तीचा पुरावा याहून अवघड आहे. डिस्कवर फाइल आहे का हे तपासता येते, पण दिलेले गणित खरोखर केले की अंदाजे उत्तर टाकले, हे पुन्हा तेच गणित केल्याशिवाय सहजी कळत नाही. दोन यंत्रांवर काम करून उत्तरे जुळवावीत तर वेगवेगळ्या ग्राफिक्स कार्डांवर तोच हिशेब दशांशाच्या शेवटच्या घरांत किंचित वेगळा येतो आणि प्रामाणिक यजमानही खोटा ठरू शकतो. त्यावर अधूनमधून चाचणीची कामे देणे, यजमानाची पत नोंदवणे किंवा चिपमधल्या बंदिस्त सुरक्षित भागात काम चालवणे असे उपाय वापरले जातात. पुरता समाधानकारक उपाय अद्याप हाती आलेला नाही.

मोबदला : यजमानाची कमाई दोन झऱ्यांतून येते. एक, ग्राहकाने सेवेबद्दल मोजलेले पैसे. दोन, नेटवर्कने नव्याने पाडलेली टोकन, म्हणजे त्याची बाजारात विकता येणारी डिजिटल नाणी. दुसरा झरा सुरुवातीला मोठा असतो, कारण ग्राहक येण्याआधी जाळे उभे करायचे असते आणि यजमानांना तोवर धरून ठेवायचे असते. टोकनला बाजारात भाव मिळतो तोवर ते चालते. भाव मिळतो तो पुढे ग्राहक येतील या आशेवर. ग्राहक आले नाहीत, तर आधीच्या यजमानांची कमाई ही प्रत्यक्षात नंतर टोकन विकत घेणाऱ्यांच्या पैशांतून झालेली असते.

हीलियमचे उदाहरण याबाबत स्पष्ट आहे. साधारण 400 ते 500 डॉलरचे हॉटस्पॉट खिडकीत ठेवायचे. त्याने आसपासच्या मीटर, सेन्सर अशा यंत्रांचे छोटे रेडिओ संदेश पकडून इंटरनेटवर सोडायचे. 24 बाइटच्या संदेशाला ग्राहक 0.00001 डॉलर मोजतो, म्हणजे एक डॉलर कमवायला नेटवर्कवरून एक लाख संदेश जायला हवेत. यजमानांना मिळणारा मोबदला मुख्यतः या संदेशांचा नव्हताच. तो परिसरात सिग्नल पोचतो हे सिद्ध केल्याबद्दल मिळणाऱ्या टोकनचा होता. 2022 च्या अखेरीपर्यंत जगभर एकूण नऊ लाखांहून अधिक हॉटस्पॉट लागले. काहींनी एकाच खोलीत अनेक हॉटस्पॉट ठेवून ते दूरदूर असल्याचे भासवले. नोव्हेंबर 2021 मध्ये 50 डॉलरच्या वर गेलेले टोकन 2022 संपता संपता 3 डॉलरच्याही खाली होते. तंत्र चालत होते, हॉटस्पॉट आपापले काम चोख करत होते. उशिरा आलेल्या यजमानाला मात्र हॉटस्पॉटची किंमतही वसूल झाली नाही.

खर्चाची बाजू यजमान सहसा कमी धरतो. सरासरी 350 वॅट खाणारा, मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक रोज 8.4 आणि तीस दिवसांत 252 युनिट वीज घेतो. खोली थंड ठेवण्याची वीज त्याहून वेगळी. उलट छोट्या बोर्डाला लावलेली एक हार्डडिस्क 10 वॅटच्या आसपास चालते आणि महिन्याला 7.2 युनिट घेते. म्हणून साठवणुकीचे नोड, आधीच पडून असलेल्या डिस्कवर चालवले तर, थोडे का होईना सुटतात. त्यासाठी मुद्दाम नव्या डिस्क घेतल्या की हिशेब बदलतो. यंत्राची झीजही धरायला हवी. 2021 मध्ये डिस्कवरच्या जागेबद्दल मोबदला देणारे चिया नेटवर्क सुरू झाले तेव्हा सुमारे 101 गिबीबाइटचा एकेक ‘प्लॉट’ (ती जागा व्यापणारी फाइल) तयार करताना एसएसडीवर इतके लेखन होई की घरगुती वापराच्या एसएसडी झपाट्याने निकामी होत.

इंटरनेट हा दुर्लक्षित खर्च आहे. घरगुती जोडण्यांत बऱ्याचदा डाउनलोडचा वेग भरपूर आणि अपलोडचा बेताचा असतो. ग्राहकाने फाइल परत मागितली की यजमानाला नेमका अपलोडच लागतो. अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक इंटरनेट पत्ता देत नाहीत, त्यामुळे बाहेरून नोडपर्यंत पोचताच येत नाही. आणि सेवेच्या करारात घरून सर्व्हर चालवायला मनाई असेल तर जोडणीच तुटू शकते. साठवणुकीच्या नोडवर काय आहे हे यजमानाला दिसत नाही, कारण तुकडे कूटबद्ध असतात. पण बँडविड्थ, म्हणजे इंटरनेट जोडणीची क्षमता, विकणाऱ्या नेटवर्कमध्ये अनोळखी माणसाची इंटरनेटवरची ये-जा यजमानाच्या इंटरनेट पत्त्यावरून होते. त्या माणसाने गैरकृत्य केले तर पहिली विचारणा यजमानाकडे येते. माझ्या मते घरच्या जोडणीवर हा प्रकार करूच नये.

यंत्राऐवजी ‘नोडचा परवाना’, म्हणजे नोड चालवून मोबदला मिळवण्याचा हक्क, विकणाऱ्या योजनांबाबत अधिक सावध राहावे लागते. उघडून पाहण्यासारखी एकच गोष्ट असते : नेटवर्कचा पैसा सेवा घेणाऱ्यांकडून येतो की परवाने घेणाऱ्यांकडून. ग्राहकांनी मोजलेल्या पैशांची नोंद ब्लॉकचेनवर असेल तर ती कोणालाही पाहता येते. अशी नोंद दाखवता येत नसेल तर परवाना घेण्याचे कारण उरत नाही.

बाहेर पडणे : नोड बंद करणे म्हणजे नुसती वायर काढणे नव्हे. स्टोर्जच्या नियमांनुसार पहिल्या तीन महिन्यांच्या कमाईतले 75 टक्के, पुढच्या तिमाहीतले 50 आणि त्यापुढच्या तिमाहीतले 25 टक्के रोखून ठेवले जातात. पंधरा महिने झाले की त्यांतले निम्मे हाती पडतात. उरलेले, यजमान रीतसर निरोप घेऊन गेला तरच. अचानक गायब झालेल्या नोडचे तुकडे दुसरीकडे नव्याने तयार करण्याचा खर्च या रकमेतून भागवला जातो. फाइलकॉइनमध्ये सेक्टर ठरावीक मुदतीसाठी बांधलेला असतो आणि मुदतीआधी सोडला तर दंड बसतो. इथेरियममध्ये 32 इथर (त्याचे चलन) गुंतवून व्हॅलिडेटर, म्हणजे ब्लॉक तपासणारा नोड, चालवणाऱ्याला बाहेर पडण्यासाठी रांगेत थांबावे लागते आणि त्या काळातही नोड चालूच ठेवावा लागतो.