कापूस उत्पादक अर्थसहाय्य (महाराष्ट्र, खरीप २०२३)

खरीप २०२३ मध्ये कपाशी पेरलेल्या खातेदारांना महाराष्ट्र शासनाने हेक्टरी दिलेली रोख मदत. सोयाबीन उत्पादकांसाठीही हीच योजना होती. २०२२ च्या उन्हाळ्यात क्विंटलला दहा हजारांपुढे गेलेला कापूस २०२३-२४ च्या हंगामात हमीभावाच्या आसपास, अनेक बाजारांत त्याच्याही खाली आला. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा ७,०२० रुपये होता. २९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मदतीला मंजुरी मिळाली आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून पैसे बँक खात्यांवर जमा होऊ लागले. कापसाचा वाटा १,५४८ कोटी ३४ लाख रुपयांचा होता.

दर असा: २० आर म्हणजे ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,००० रुपये, त्यापुढे हेक्टरी ५,००० च्या प्रमाणात, २ हेक्टरपर्यंत. सातबाऱ्यावर कपाशी ०.८० हेक्टर (दोन एकर) असेल तर ४,००० रुपये; पाच हेक्टरवाल्यालाही १०,००० च. हेक्टरी १२ क्विंटल उतारा धरला तर ही मदत क्विंटलमागे ४१७ रुपये पडते.

कांदा अनुदानाला २०२३ मध्ये विक्रीची पावती लागत होती, कारण ते क्विंटलवर होते. कापसाची मदत पेऱ्यावर होती. माल कुठे आणि काय भावाने विकला, हे कुणी विचारले नाही. गावातच खेडा खरेदीत, कच्च्या चिठ्ठीवर कापूस देणाऱ्याच्या हे सोयीचे ठरले. पण त्यामुळे सगळा भार ई-पीक पाहणीवर आला. शेतात उभे राहून मोबाइल ॲपमध्ये गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र भरायचे, पिकाचा फोटो काढायचा. रेंज नसली की हे राहून जाई. तुरीच्या ओळी (तास) असलेल्या कपाशीत मिश्र पिकाची नोंद चुकली की कापसाचे क्षेत्र घटे. पुढे ई-पीक पाहणीच्या यादीत नसलेल्या, पण सातबाऱ्यावर पेरा असलेल्या खातेदारांनाही सामावून घेतले, हे योग्यच झाले.

यादीत नाव आले की आधारची माहिती वापरण्याचे संमतीपत्र कृषी सहायकाकडे द्यावे लागे. जमीन सामाईक खात्यात असली की पैसे एकाच्याच नावावर जात, म्हणून बाकीच्यांचे ना-हरकत पत्र लागे. बहीण परगावी, भाऊ अबोल्यात, अशा खात्यांचे कागद इथेच अडकले. मृत खातेदाराच्या जागी वारस नोंद नसेल तरीही तेच.

नावातला फरक ही दुसरी अडचण. सातबाऱ्यावर ‘बाबाराव’ आणि आधारवर ‘बाबुराव’ असले की जुळणी होत नसे आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करावी लागे. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. पीककर्जाचे पासबुक भरून घेऊन ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्याने आधी आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते पाहावे. बरेचदा रक्कम दुसऱ्याच बँकेत पडलेली असते.

मोठी उणीव मक्त्याची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसायला घेणाऱ्यांची. ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईने (उत्पन्नाच्या वाट्यावर) शेत करणारा बियाणे, खत, फवारणी, वेचणी सगळे खिशातून करतो. पीक मात्र मालकाच्या सातबाऱ्यावर चढते आणि मदतही मालकालाच मिळाली. भाव पडल्याचा फटका ज्याला बसला, त्याच्यासाठी या योजनेत रकाना नव्हता.