हाताखाली शिकणं (संस्थेतलं मार्गदर्शन आणि अन्याय)

हाताखाली शिकणं म्हणजे गिरणीत, कॉलेजात, दवाखान्यात एखाद्या जुन्या माणसानं नव्याला काम शिकवणं. पण कामासोबत तो स्वतःचा शब्दही देत असतो, साहेबांपुढं कुणाचं नाव काढायचं आणि कुणाचं नाही हे तोच ठरवतो, आणि संस्थेतला अन्याय टिकतो किंवा मोडतो तो बहुतेक इथंच.

सोलापूर १८७७ च्या जुन्या गिरणीपासूनचं गिरणगाव, त्यामुळे जॉबर काय असतो हे इथं सांगायला नको. कामगार आणायचा तो, शिकवायचा तो, ठेवायचा-काढायचाही तोच, मग दस्तुरी (नोकरीसाठी द्यावा लागणारा हप्ता) आलीच आणि आपल्या गावचा आपल्या जातीचा बघणंही आलंच. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातलं (मागावर आडवा धागा नेणाऱ्या शटलमधलं) सूत तोंडानं ओढावं लागायचं आणि त्यांच्या तोंडाचा धोटा इतरांना चालत नव्हता. जास्त पगाराचं काम तेच, आणि शिकायलाच दिलं नाही तर हुनर येणार कुठनं? बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला.

उलटं उदाहरण पण त्यांचंच. मुंबईतले शिक्षक केळुसकर गुरुजी, त्यांनी शाळकरी बाबासाहेबांना बुद्धचरित्र दिलं हे सगळे सांगतात, पण बडोद्याच्या सयाजीरावांकडं शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला हे मला जास्त मोठं वाटतं. पुढं १९२५ ला बाबासाहेबांच्याच बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरातच मुलांसाठी वसतिगृह काढलं, म्हणजे एका गुरुजींवर अवलंबून न राहता सोयच उभी केली.

आता हीच गोष्ट पीएचडीत दिसते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमानं प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ च विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे गाईडची मर्जी लई महाग. माझ्या ओळखीतल्या एका मुलीच्या कॉलेजात सेमिनारला कोण जाणार हे टपरीवरच्या चहात ठरायचं आणि चहाला फक्त पोरं जायची, हिला कळायचं तारीख गेल्यावर. सिनियर मॅडम मायेनं म्हणाल्या, "जमवून घे गं, आमच्या वेळी पण असंच होतं." हे पण मार्गदर्शनच, पण गप्प बसायचं शिकवणारं. दुसऱ्या एका सरांनी मात्र विभागप्रमुखांना लेखी दिलं की नोटीस बोर्डावर लागल्याशिवाय कुणाचंच नाव पाठवू नका. पुढच्या सेमिनारची नोटीस बोर्डावर लागली, आणि यादीत हिचं नाव होतं.