पाइप कशानं कापायचा : चॉप सॉच्या आधी आणि नंतर

पावसाळा तोंडावर आला की डिचोली, फोंडा, म्हापशाकडच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे शेडच्या कामांची रांग लागते आणि चौदा इंची चॉप सॉ, म्हणजे फिरती डिस्क वरून दाबून पाइप कापायचं यंत्र, दिवसभर किंचाळत राहतो. नावात 'सॉ' म्हणजे करवत असली तरी त्याच्या डिस्कला दाते नाहीत. राळेत बांधलेले कठीण कण पोलाद घासून, तापवून झिजवतात. असे कण कारखान्यात बनू लागले ते १८९० च्या दशकात, अमेरिकेत अचेसननं सिलिकॉन कार्बाइड तयार केल्यावर. पोलादाला मात्र ॲल्युमिनियम ऑक्साइडची डिस्कच लागते. हातातला ॲंगल ग्राइंडर आणखी अलीकडचा : जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीनं तो १९५४ मध्ये आणला.

गोवा मुक्तीनंतर गावोगावी वीज पोचली. त्याआधी गावातल्या कारागिराचा आधार हॅक्सॉच, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत. त्यातही पातं निवडण्यातच अर्धं काम. ट्यूबच्या जाडीत निदान दोन दाते बसायला हवेत. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, तिला इंचाला ३२ दात्यांचं पातं. १८ दात्यांचं लावलंत तर दाता कडेत अडकतो नि तुटतो. आजही हे किती जणांना माहीत असतं, शंकाच आहे!

बँडसॉ म्हणजे दातेरी पट्टा सलग फिरवून कापणारं यंत्र. त्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८०८ चं, पण पट्ट्याचा सांधा टिकेना म्हणून यंत्र कित्येक वर्षं अडून राहिलं. १८४६ मध्ये फ्रान्सच्या ॲन पोलिन क्रेपँ या बाईंनी पट्टा जोडायची पद्धत काढली, तेव्हा ते मार्गी लागलं. पाइप न तापवता कापायचा तर हाच किंवा कोल्ड सॉ, म्हणजे सावकाश फिरणाऱ्या दातेरी चकतीचं यंत्र.

गोव्यात तापवून कापणं महागात पडतं. डिस्कच्या उष्णतेनं जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाइपच्या टोकाचं जस्त जळतं आणि खाऱ्या हवेत गंज आधी तिथेच धरतो. ठिणग्या शेजारच्या स्टेनलेस रेलिंगवर उडाल्या तर काही दिवसांत तांबूस ठिपके. शिवाय डिस्क लवते, ४५ अंशांचा जोड उघडा राहतो आणि वेल्डर तो भरत बसतो. किनाऱ्यालगतच्या कामाला म्हणूनच बँडसॉ घ्यावा, असं माझं मत.

पाइप आता लेझरनंही कापतात, आणि त्या लेझरचं मूळ मात्र आपल्या जवळचं. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनसंस्थेत कार्बन डायऑक्साइड लेझर बनवणारे कुमार पटेल बारामतीचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये त्याला ऑक्सिजनच्या झोताची जोड देऊन पोलादाचा पत्रा कापला गेला. गोल पाइपवर गोल पाइप बसवायची खाच लेझर एका दमात काढतो. चार खांबांच्या शेडसाठी मात्र एवढा खर्च कोण करणार?